केशरबाईंचे रोडगे आणि नीलमचे उंदीर

अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात प्राण्यांची खोली केशरबाई सांभाळतात. त्यांना कुणी उपाशी दिसलेलं चालत नाही. माझी ढेरी हा त्याचा चालताबोलता पुरावा.

माझी विद्यार्थिनी नीलम त्याच खोलीत संशोधन करत होती. कर्करोग घडवणारं एक रसायन पोटात गेलं, की ते निपटायला यकृत एक विकर, म्हणजे एन्झाइम, जास्त बनवू लागतं. किती जास्त, ते तिला मोजायचं होतं. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना तेलातून रसायन, दुसऱ्यातल्यांना नुसतं तेल. तेलवाल्यांचं विकर वाढायला नको होतं. शेवटच्या फेरीत तेही वाढलं. प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली. नीलम माझ्यासमोर बसून तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत होती.

केशरबाई दारात आल्या. झाडू बाजूला ठेवला.

"सर, हे माह्याच हातानं झालं वाटते."

"काय झालं?"

"मांगच्या हप्त्यात भावाकडून अकोल्याहून रोडगे आणले होते ना? तुमी पाच खाल्ले, ते."

"चार."

"बरं, चार. त्याचे करपलेले पोपडे रोज या तेलवाल्याइले टाकत होती. तिकडच्याइले दवा, अन् याइले नुसतं तेल. मले वाईट वाटे."

रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांवर, भाजलेला कणकेचा जाड गोळा. त्याच्या काळ्या सालीत नीलमच्या रसायनाचेच भाऊबंद असतात. त्या हप्त्यात माझं यकृतही ओव्हरटाइम करत असणार.

बाई कंत्राटी. गप्प राहिल्या असत्या, तर कुणाला पत्ता लागला नसता.

"मले काढून टाका," त्या म्हणाल्या, "पन पोरीचं पाहा."

नीलमनं डोळे पुसले. "मावशी, पोपडे उरले काय थोडे?"

मी मुदतवाढ मिळवली. फेरी पुन्हा झाली, पोपडेवाल्यांचा तिसरा पिंजरा मुद्दाम घालून. त्यांचं विकर वर गेलं, तेलवाल्यांचं शहाण्यासारखं खाली राहिलं. त्या काळात केशरबाईंनी मला खिशातलं बिस्कीटही आत नेऊ दिलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांना तो तिसरा पिंजराच सगळ्यात आवडला. "हे सुचलं कसं?" त्यांनी विचारलं. नीलमनं दाराकडे बोट केलं. तिथं केशरबाई डबा घेऊन उभ्या होत्या.

परीक्षकांना रोडगा मिळाला, मलाही मिळाला, जसा आरातून निघाला तसाच. नीलमच्या रोडग्याचं काळं मात्र बाई नखानं खरवडत बसल्या होत्या.