पांढऱ्या फुलांची झाडं

फाळणी झाली आणि लांब धाग्याच्या कापसाचा बराच मुलूख पलीकडे गेला. मिलवाल्यांना धागा लांब हवा, आमचा जुना कापूस आखूड. हे मला सांगितलं सरकारी कापूस-शेतावरच्या साहेबांनी, आमच्याच ओट्यावर बसून. शाळा मला तिसरीपुरती. पण साहेब चिमटीत कापूस ओढून धागा दाखवायचे, त्याला कुठली शाळा लागते?

धरणगावजवळच्या आमच्या गावानं त्या वर्षी एकमतानं त्या शेतावर तयार झालेलं नवं बी पेरलं. कापूस शुद्ध निघाला तर आमची सरकी पुढच्या हंगामात आसपासच्या गावांना बियाणं म्हणून जाणार होती. एकाच्याही शेतात भेसळ निघाली, तर सगळं गाव बाद.

आणि निघाली ती आमच्याच शेतात. नव्याची फुलं पिवळी, जुन्याची पांढरी. एका सकाळी बघते, तर पिवळ्यात जागोजागी पांढरं. आमच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. घरच्या बियाण्याची मूठ पडल्याशिवाय पेरणी झाली असं त्यांना वाटायचंच नाही. ती मूठ त्यांनी कुणाला न सांगता नव्या बियाण्यात मिसळली होती.

शेत बघायला आलेले साहेब म्हणाले, "आठ दिवसांनी येतो, बाई. एक पांढरं फूल दिसलं तरी मला शुद्धतेच्या दाखल्यावर सही करता येणार नाही."

अक्का फणकारल्या, "घरनं बी शे ते, जहर नही. सायबाले खुपस ना, मंग सायबालेच उपटू दे."

"अक्का, सायबाना नही, बठ्ठा गावना सवाल शे," सगळ्या गावाकडे हात करत मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच शेतात उतरले. कापसाचं फूल दुपारनंतर लालसर पडतं, मग काही ओळखू येत नाही. म्हणून सकाळीच, एकेक तास, म्हणजे झाडांची एकेक ओळ, तपासत जायचं. बोंडं धरलेली झाडं, सांगते तुम्हाला, एकेक करून उपटली. हात सोलले. तरी एक दिवस चुकवला नाही. अक्का बांधावर बसून नुसत्या बघायच्या.

आठव्या दिवशी साहेब आले. अर्धं शेत झालं असेल, तोच अक्का बांधावरून उठल्या आणि साहेबांच्या पुढच्या तासात शिरल्या. माझ्या नजरेतून सुटलेलं एक पांढरं फूल त्यांना दिसलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी झाड मुळासकट ओढलं आणि साहेबांसमोर टाकलं.

साहेब थांबले. म्हणाले, "तुम्हीच उपटलंत, म्हणून बाद करत नाही. पण आता पहिल्यापासून बघावं लागेल."

"बघा ना," अक्का म्हणाल्या, आणि त्याच पुढे चालू लागल्या.

सगळं शेत पुन्हा झालं. पांढरं निघालं नाही. सही झाली.

हिवाळ्यात, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनवाल्यानं आमच्या गावचा कापूस घेण्याआधी यंत्रं झाडून घेतली. आदल्या मालाची सरकी त्यात राहायला नको होती. मी आणि अक्का गाडीपाशी उभ्या राहिलो, आणि यंत्र रिकामं झाल्याची खात्री होईपर्यंत एकही गाठोडं खाली उतरवू दिलं नाही.