जामसरची जीप आणि माझा एक सूर

चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही, आणि कोणाचं ऐकायची सवय तेव्हाच सुटली. पासष्टी ओलांडल्यावर जव्हारच्या एका बँडमास्तरांनी मला जुना सॅक्सोफोन वापरायला दिला, पण अट घातली. "बाबा, नुसता एकच सूर लांब धरायला शिका. तो हलला नाही, तर हळदीला तुम्हाला बँडमध्ये घेतो."

मला एकदम गाणंच हवं होतं. महिनाभर घरात गाणं वाजवलं. शेवटी आमची म्हातारी म्हणाली, "अहो, म्हैस बरी आहे ना आपली? डॉक्टर बोलवू का?"

मग मुकाट्यानं रोज सकाळी रस्त्याच्या वरच्या खडकावर बसू लागलो. खाली जामसरची जीप चढाला लागायची. पहिल्या वळणावर दिसली की सूर धरायचा, दुसऱ्या वळणाआड गेली की सोडायचा. आधी निम्म्यातच दम संपायचा. थंडी सरेपर्यंत मी तिला दुसऱ्या वळणापर्यंत पोहोचवू लागलो.

एक दिवस जीप मधेच थांबली. मी ठरवलं, ती हलल्याशिवाय सूर सोडायचा नाही. माणसं उतरून वर बघू लागली. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"आजोबा, टायर बसलाय! अर्धा तास लागंल! सोडा आता!" ड्रायव्हर ओरडला.

उतरलेल्यांत बँडमास्तरही होते. ते वर चढून आले आणि माझ्या लाल तोंडाकडे बघत म्हणाले, "हलला नाही सूर. शनिवारी हळद आहे, या."

"येतो," मी म्हणालो, "पण गाणं मी सांगेन ते."