वाइड फिट

पाटणच्या एसटी स्टँडामागे लिंबाखाली एक मामा चपला शिवत बसतात. आधी त्यांचं नाव घेते, मग माझं सांगते. बूट मी घेतले, बटण माझ्याच बोटानं दाबलं. पण मामा नसते तर ते बूट आज माळ्यावर पडून असते आणि मी काम सुटून घरी बसले असते.

मी जतच्याही पलीकडची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. आता कोयनानगरला एका लॉजवर स्वयंपाक करते. आमच्याकडं थंडी म्हणजे सकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळला की संपली. इथली थंडी दरीतनं धुकं घेऊन वर येते. माझी खोली खालच्या वाडीत, आणि सहाला चहा ठेवायचा तर पाचलाच सायकल काढावी लागते. पहिल्या हिवाळ्यात बोटं अशी बधिर व्हायची की पाय पायडलवर आहे का नाही, ते खाली वाकून बघायचे. मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून बघितली. आतनं घाम, बाहेरनं दव. बोटं सुजून लाल झाली. मग उतरून सायकल ढकलत जायचं, आणि उशीर. चार-पाचदा असं झाल्यावर लॉजचे मालक म्हणाले, "बाई, पुढच्या हिवाळ्यात हे चालायचं नाही. जवळपासचं माणूस बघीन मी." रागानं बोलले नाहीत, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

पुढची दिवाळी झाली तशी मी मोबाईलवर बूट बघायला लागले. थंडीत सायकल चालवायचे बूट वेगळे असतात, हेच मला नवीन. घोट्याच्या वर येणारे, आत उबदार अस्तर, वरनं पाणी न शिरणारे. एक जोड आवडला, पण खाली लिहिलेलं, माल परत घेतला जाणार नाही. झालं! आठ दिवस रोज तो जोड उघडायचा, बघायचा, बंद करायचा. चुकला तर दुसरा घ्यायची ताकद नव्हती, आणि मापाचे आकडे डोक्यावरनं जात होते.

सुट्टीदिवशी पाटण गाठलं. मामांकडं पूर्वी दोनदा चप्पल शिवलेली, तेवढीच ओळख. म्हटलं, "मामा, पायाचं माप घेता का? बूट मोबाईलवरनं मागवायचेत."

"म्हंजे गिऱ्हाईक मोबाईलवाल्याचं आन् माप मी घ्यायचं? लय हुशार हाईस की गं जतकरीण!"

मी ओशाळून उठायला लागले.

"आगं बस की. चेष्टा केली. पर माप आत्ता न्हाई. सकाळी पाय आकसल्याला असतो. चारला ये, आन् जाड मोजं घालून ये."

बाजारातनं जाड मोजे घेतले. चारला मामांनी जुन्या वर्तमानपत्रावर माझे दोन्ही पाय ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवली. मग माझ्या मोबाईलवर बुटाचा तळ मोठा करून बघितला. "ही भोकं कशाला?"

मी वाचलेलं सांगितलं, की तिथं लोखंडी तुकडा बसवतात, तो खास पायडलात अडकतो.

"आन् घाटात घसरलीस तर सायकलीसंगट दरीत? साध्या तळाचं बघ."

साध्या तळाचे दोन निघाले. एक नुसताच, दुसऱ्यापुढं लिहिलेलं 'वाइड फिट'. मी पहिल्यावर बोट ठेवलं.

"थांब. दुसरा का नगं?"

"आवं मामा, त्यो फिट हाय. मला सैल पायजे."

आमच्याकडं ब्लाऊज फिट होतो, डब्याचं झाकण फिट बसतं. फिट म्हणजे घट्ट. आठ दिवस मी फिट लिहिलेला प्रत्येक बूट टाळत आले होते.

मामा हसता हसता खोकायला लागले. शेजारच्या पानपट्टीवाल्याला हाक मारली, "ऐकलंस का रं? हिला फिट बूट नगं म्हनं!"

"बराबर हाय की," तो पान लावता लावता म्हणाला. "फिट आली की मग हुंगवायचा बूट. आदी कशाला?"

मामा तरुणपणी कोल्हापुरात बुटांच्या दुकानात होते. खोक्यावरचं इंग्रजी तेवढं त्यांना येतं. हसू आवरून म्हणाले, "पोरी, हितं फिट म्हंजे पायात बसतो कसा त्ये. वाइड म्हंजे रुंद. तुला ह्योच पायजे."

माझा पाय पुढं पसरट. बहिणीच्या लग्नात माझ्या मापाची चप्पल कुठंच मिळेना, तेव्हा सगळे हसलेले. मी पाय साडीखाली ओढून घेतला. मामा मात्र कागदावरचा आकार बघत होते. "झ्याक पाय हाय. एक बोट दबल्यालं न्हाई. चालल्याला पाय हाय ह्यो."

आजवर माझ्या पायाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. तिथंच बसून मी बटण दाबलं.

सहाव्या दिवशी बूट आले. जाड मोजे घालून पाय आत सरकवला, तर सगळी बोटं हलली. दुसऱ्या पहाटे समोर रस्ता दिसत नव्हता, पण बुटातली बोटं एकेक मोजता येत होती. पावणेसहालाच चहा उकळला. मालकांनी खाली बघितलं. "हे काय बाई, मिलिटरीत भरती झालात?"

"व्हय," म्हटलं, "चहाच्या पलटणीत."

त्या हिवाळ्यात मला एकदाही उशीर झाला नाही. आता लॉजच्या स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडं असते, आणि कोयनानगर वसाहतीतल्या दोघी-तिघी मोबाईलवरनं सामान मागवायला मलाच बोलावतात. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला!

मापाचे पैसे मामांनी घेतले नाहीत. सोल आणायला ते अजून कराडची एसटी धरतात, त्यात कामाचा अख्खा दिवस जातो. मी म्हटलं, मामा, मोबाईलवरनं मागवून देते. तर म्हणाले, "हातात धरून वाकवल्याबिगर मी सोल घेत न्हाई."

ठीक आहे. मीही सोल वाकवून बघायला शिकतेय. एक दिवस असा सोल मागवून देईन की मामा वाकवून बघतील आणि सरळ शिवायला घेतील. त्यांची कराडची खेप वाचवल्याशिवाय मी राहणार नाही.