गालगुंड झालेला कम्प्युटर

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीच्या घाऊक बाजारात मी लिलाव पुकारतो. तिथे हळू बोलणाऱ्याचे टोमॅटो संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहतात. घरी आलो तरी गळा काही खाली येत नाही. मी नुसतं ‘चहा टाक गं’ म्हटलं तरी शेजारीण खिडकीतून विचारते, ‘कितीला गेला?’ आणि अशा माझ्या घरात, पन्नाशी उलटलेल्या माझ्या बायकोने गेम खेळायचा कम्प्युटर स्वतः जुळवायचा ठरवला. त्याचा एकेक भाग निवडताना तिचा दुकानात एकच प्रश्न: ‘हा आवाज किती करतो?’

ही दात बनवते. डॉक्टर नाही हं. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात, तो ठसा हिच्याकडे येतो आणि त्यावरून ही कवळी तयार करते. आमच्या मागच्या खोलीत तिचं सगळं साम्राज्य आहे. प्लास्टर, मेण, हिरड्यांसाठीची गुलाबी पावडर, आणि खिडकीपाशी ती घासायची मोटर. बसमध्ये समोरचा कुणी म्हातारा हसला की ही मला कोपर मारते. ‘वरचे माझे आहेत,’ म्हणते, ‘खालचे कुणी केले देव जाणे, वाट लावलीये.’ लग्नाच्या पंगतीत सुद्धा ही नवरा-नवरी बघत नाही, सगळ्यांचे जबडे बघते. मी आता हात टेकलेत.

पण त्या मोटरने तिचे कान खाल्ले. इतकी वर्षं ती किरकिर कानाजवळ, मग दुसरं काय होणार? हल्ली ती कानात मशीन घालते. समोरासमोर बसलं की छान ऐकू येतं. फोनवर मात्र पंचाईत. आणि तिचा सगळा जीव अडकलाय तो फोनवरच्या एका माणसात, तिच्या धाकट्या भावात.

हा माझा मेहुणा दाराच्या चौकटीत मावत नाही एवढा धिप्पाड, पण ही त्याला अजून बारक्या म्हणते. राहतो लांब. आयुष्यभर बस चालवली. त्याची बायको गेली आणि तो गप्पच झाला. ही रोज फोन करायची. ‘बरा आहेस?’ ‘हं.’ ‘जेवलास?’ ‘हं.’ ‘ठेवू?’ ‘हं.’ त्यातले निम्मे हं हिला ऐकूच यायचे नाहीत. मग फोन माझ्या कानाला लावायची. ‘अहो, काही बोलला का?’ मी म्हणायचो, ‘हं म्हणाला.’ ती मान हलवून मागच्या खोलीत जायची आणि मोटर चालू करायची. मला फार वाईट वाटायचं, पण मी काय करणार? भाव पुकारून माणूस बोलता होत नाही.

मग एकदा त्याच्या मुलाचा फोन आला. ‘आत्या, बाबा रोज संध्याकाळी ट्रकचा गेम खेळतात. आपापल्या घरी बसून दोघांना बरोबर गाड्या चालवता येतात, बोलताही येतं. परवा मी बसलो होतो त्यांच्याबरोबर. गाडी चालवता चालवता आपणहून बोलायला लागले. आईबद्दल बोलले गं! पण माझी कामाची पाळी नेमकी संध्याकाळची.’

हिने फोन ठेवला आणि म्हणाली, ‘मला ट्रक चालवायचाय.’

आमचा जुना लॅपटॉप त्या गेमचं नाव काढताच मिक्सरसारखा ओरडायला लागला. हेडफोन घालावे तर कानातलं मशीन शिटी मारतं. म्हणजे स्पीकरवरच ऐकायचं. आणि बारक्या मुळात पुटपुटणारा. कम्प्युटर घुरघुरला की तो काय बोलतो ते हिच्यापर्यंत पोचणारच नाही, मग गेम खेळून उपयोग काय? म्हणून आवाज न करणारा कम्प्युटर. मी म्हटलं, ‘अगं, तयार मिळतात की दुकानात. कशाला एवढा खटाटोप?’

‘तयार कवळी बसते का कुणाला?’ ती म्हणाली. संपला विषय.

दुकानदार गेमवाल्या पोरांना सामान विकून विकून कंटाळलेला. हिला बघून त्याने मोबाइलमधून डोळे सुद्धा वर केले नाहीत. ‘नातवासाठी का, ताई? हा पंखा बघा. सात रंगांचे दिवे लागतात.’

‘माझ्यासाठी. दिवे नकोत. फिरवून दाखवा.’

त्याने पंखा वायरीला लावला. हिने मशीनचा आवाज वाढवला आणि पंख्याला कान लावला. मागे वळून मला म्हणाली, ‘तुम्ही जरा गप्प बसता का?’ मी नुसता श्वास घेत होतो! पण गंमत अशी की तो दुकानदारही हळूहळू खुर्चीतून उठला. सगळे त्याला वेगाचं विचारायचे, आवाजाचं विचारणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. तोही मग पंख्यांना कान लावायला लागला. लहान पंख्याला भराभर फिरावं लागतं, म्हणून तो किंचाळतो. मोठा सावकाश फिरतो, म्हणून गप्प. झालं, मोठे घेतले. प्रोसेसर घेतला तो कमी तापणारा. वीज पुरवणारा पॉवर सप्लाय गरजेपेक्षा दांडगा, कारण त्याच्यावर ताण नसला की त्याचा पंखा फिरतच नाही. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क कटकट करते, ती नाकारली.

शेवटी ग्राफिक्स कार्ड. गेममधली चित्रं काढणारा हा भाग, आणि सगळ्यात जास्त बोंबलतो तोही हाच. दुकानदाराने आतून एक कार्ड आणलं. तीन पंखे, वर धातूचा एवढा मोठा ठोकळा.

‘अंगाने दांडगं आहे ताई, पण स्वभावाने गरीब. तोंड उघडत नाही.’

‘हेच द्या,’ ही म्हणाली.

ज्या पेटीत हे सगळं बसवायचं ती कॅबिनेट मात्र तिने काचेची घेतली नाही. पत्र्याचं दार आणि दाराला आतून फोम लावलेली घेतली, आवाज आतच जिरवणारी. दुकानदाराचा जीव काचेत. ‘काच नको? मग आतलं दिसणार कसं?’

‘दात दिसावेत म्हणून कुणी गाल कापत नाही,’ ही म्हणाली. तो हसून हसून खाली बसला. मग तिने पिशवीतून तिचा मापाचा चिमटा काढला, कॅबिनेटचं दार काढून बाजूला ठेवलं, आणि कार्ड आडवं, उभं, सगळीकडून मोजलं. बसतंय. दुकानदार बिल करताना म्हणाला, ‘सगळे भाग एकदम शांत निवडलेत बघा.’

‘हो ना,’ माझ्याकडे बघत ही म्हणाली. ‘एक आधीच घेतलेला आहे, तो आता कुणी परत घेत नाही.’

जेवणाच्या टेबलावर तिने सगळं जुळवलं. मला फक्त स्क्रूची वाटी धरायची परवानगी होती. आणि तुम्हाला सांगतो, तिचे हात बघत राहावेत असे. प्रोसेसर तापू नये म्हणून पेस्ट लावली तीसुद्धा अगदी मेणाचा थेंब ठेवावा तशी. वायर जोडली, बटण दाबलं, पडद्यावर अक्षरं उमटली. मी म्हटलं, ‘हा पंखे का फिरवत नाही?’

‘फिरतायत,’ ती म्हणाली. आणि खुदकन हसली.

मग दार लावायला घेतलं तर दार लागेना.

कार्डाच्या कडेला विजेची वायर लागते. तिच्या टोकाचं बोंडूक कार्डाच्या वर उभं राहत होतं आणि दाराला आतून टेकत होतं. थोडंसंच, पण टेकत होतं. मी म्हटलं, ‘ढोपर लावू का?’ तर ती असं किंचाळली की दुसरा कुणी असता तर मशीन लावायची वेळ त्याच्यावर आली असती. मग खुर्चीत बसली आणि कपाळाला हात लावला.

‘तोंड उघडं ठेवून माप घेतलं हो मी. चावा तपासलाच नाही.’

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. उघड्या तोंडात कुठलीही कवळी छान बसते. खरं काय ते दोन्ही जबडे मिटले की समजतं. म्हणून ही प्रत्येक कवळी बिजागरीच्या साच्यात बसवते आणि टक्, टक् मिटवून बघते. त्याशिवाय एकही कवळी तिने कधी बाहेर दिलेली नाही. आणि स्वतःच्या वेळी, मनात भावाशिवाय काही नसताना, दार बाजूला काढून माप घेतलं आणि मिटवून बघायचं विसरली.

दार उघडं ठेवून चालेल का, ते बघितलं. भाच्याला फोन लावला, तो तिकडून गेमवर आला. गेम सुरू झाल्यावर पंख्यांना जोर चढला, आणि दार नसल्याने ती घूं घूं सरळ हिच्या कानातल्या मशीनमध्ये. ‘आत्या, ऐकू येतंय?’ ‘काय?’ ‘ऐकू येतंय का?’ ‘काय?’ तिने चिडून मशीन काढून टेबलावर ठेवलं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, छोटं कार्ड बदलून देतो, पण ते बोंबलेल. मोठी कॅबिनेट मागवावी लागेल, पुढच्या महिन्यात.

‘राहू दे मग पुढच्या महिन्यात,’ मी म्हटलं. ‘एवढं काय?’

तिने मला फोनमधला भाच्याचा निरोप दाखवला. ‘बाबा आज दोनदा विचारत होते, ताई कधी येणार?’

बायको गेल्यापासून त्या माणसाने कुणाला काही विचारलं नव्हतं.

सकाळी उठलो तर मागच्या खोलीतून हिचं गुणगुणणं ऐकू आलं. ही गुणगुणते तेव्हा समजायचं, अक्कल चालली. टेबलावर कॅबिनेट आडवी घातलेली. कवळी कुठे टोचते ते बघायला निळ्या कागदाच्या पट्ट्या असतात, दातांत धरून चावलं की टेकतं तिथे निळा ठिपका उमटतो. तीच पट्टी तिने त्या बोंडकावर ठेवली आणि वरून दार दाबलं. उचललं तर फोमवर बरोबर निळा ठिपका. तेवढ्याच जागी दार कापलं. मग त्या भोकावर मेणाचा फुगवटा केला, त्याचा प्लास्टरमध्ये साचा घेतला आणि साच्यात कवळीचा मसाला ओतून तसाच फुगवटा काढला. आतून फोमचा तुकडा, वरून चकचकीत पॉलिश.

‘गुलाबीच का पण?’ मी विचारलं.

‘माझ्याकडे हिरड्यांचाच रंग असतो. हिरवा पाहिजे तर बेडकाची कवळी करणारा शोधा.’

‘आणि कुणीतरी म्हणत होतं, दात दिसावेत म्हणून गाल कापत नाही?’

‘स्क्रू द्या इकडे,’ ती म्हणाली.

तो काळा, गंभीर कम्प्युटर आणि त्याच्या एका गालावर गुलाबी फुगवटा! गालगुंड झालंय जणू. मी तेच नाव ठेवलं. दार लावलं, टक् झालं. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. टक्. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तिचा पडला म्हणून माझाही.

संध्याकाळी ती पडद्यासमोर बसली. मला स्टूल दिलं मागे, आणि दम दिला की चकार शब्द काढायचा नाही. पडद्यावर लांबलचक रस्ता, पुढे बारक्याचा ट्रक, मागे हिचा.

‘बारक्या, आले रे.’

स्पीकरमधून आवाज आला, ‘हं.’

पुढे कुणी बोलेना. नुसते दोन ट्रक चाललेले. हिनेही काही विचारलं नाही, जेवलास का म्हणून सुद्धा नाही. मला तर बसवेना. तेवढ्यात हिने वळणावर गाडी सरळ कठड्यात घातली. ‘ब्रेक!’ माझ्या ओठांवर आलेलं, मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पुढचा ट्रक थांबला. मागे आला.

‘आरसा बघून वळायचं गं ताई,’ तो म्हणाला.

‘बरं,’ ही म्हणाली. पुन्हा निघाले. पुन्हा शांत. इतकी शांतता आमच्या घराने कधी पाहिली नसेल. गालगुंड तर आहे की नाही कळू नये असा. आणि मग स्पीकरमधून एवढासा आवाज आला. मलाच जेमतेम ऐकू आला.

‘ताई, आहेस ना?’

सवयीने मी पुढे वाकलो, ते वाक्य तिच्या कानात सांगायला. त्याच्या आधीच ती बोलली.

‘आहे रे. तुझ्या मागेच आहे.’

तो थोडा वेळ गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, ‘घर खायला उठतं गं मला.’ आणि त्याचं सुरू झालं. बायको गेली त्या दिवसाचं, तिच्या चपला अजून दाराशीच आहेत त्याचं, सकाळी चुकून दोन कप काढतो त्याचं. माल पोचवायचं गाव आलं आणि मागे पडलं, दोघंही थांबले नाहीत.

मी हळूच उठून स्वयंपाकघरात गेलो. अख्खा बाजार डोक्यावर घेणारा माणूस मी, तोंडात टॉवेल कोंबून रडलो, आवाज होऊ नये म्हणून. बाहेर तो बोलत होता, आणि हिने एकदाही ‘काय?’ म्हटलं नाही.