घड्याळात नव्हते ते आकडे

बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. पापनाशमच्या मुलींच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवून एकवीस वर्षं होत आली होती, आणि अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.एस्सी. हवी. नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी तंजावुरातल्या एका कॉलेजात शनिवार-रविवार वर्ग भरायचे. आम्ही अठराजण होतो, सगळे विज्ञानाचेच, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मागचे बाक धरले. आयुष्यभर मुलांना ज्या गोष्टींसाठी ओरडलो त्या सगळ्या आम्ही यथासांग केल्या. उशिरा आलो, तास चालू असताना इडल्या खाल्ल्या, एकमेकांच्या वह्या उतरवून काढल्या.

मला बारावीचा वर्ग फार हवा होता, हे सरळच सांगते. आरसे आणि भिंगं, भिंगं आणि आरसे शिकवून माझं डोकं आंबलं होतं. शिक्षण खात्याची बढतीची यादी जूनमध्ये लागायची आणि त्याआधी पदवी हातात पडायला हवी होती.

शेवटच्या सत्रात एक काम होतं. आपापल्या शाळेत, तिथल्याच सामानावर पाच प्रयोग करायचे आणि वही द्यायची. चार मी मन लावून केले. पाचवा लंबकाचा होता. दोऱ्याला गोळा बांधायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाचा आकडा काढायचा. उत्तर नऊ पॉइंट आठ, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. मग प्रयोग करायचा कशाला? जेवणाच्या सुट्टीत दहीभाताचा डबा समोर ठेवून मी उत्तरापासून मागे गणित केलं आणि पाच लांबींच्या दोऱ्यांना किती सेकंद लागायला हवेत ते लिहून टाकलं. अगदीच तंतोतंत दिसू नये म्हणून शेवटच्या आकड्यात चिमूटभर चूकही घातली, मीठ घालावं तशी. हात सराईत होता. मुलींच्या वह्या दर वर्षी अशाच तर पूर्ण करून घेते मी. तपासायला येणाऱ्यांना नऊ पॉइंट आठ दिसलं की सही होते.

कॉलेजात वही तपासणाऱ्या प्राध्यापकबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होत्या. शनिवारी दुपारी त्यांनी लंबकाचं पान उलटलं आणि पुन्हा मागे आल्या.

"मॅडम, घड्याळ कोणतं वापरलंत?"

"शाळेत चावीचं जुनं स्टॉपवॉच आहे. अजून चालतं." हे मी अभिमानानं सांगितलं.

"कमीत कमी किती वेळ दाखवतं?"

"अर्धा सेकंद."

त्यांनी वही माझ्याकडे वळवली. माझ्या वळणदार अक्षरात तिथे चाळीस पॉइंट एक तीन सेकंद लिहिले होते. खाली पस्तीस पॉइंट आठ आठ. जो काटा अर्ध्या सेकंदाखाली उतरतच नाही, त्याच्यावर मी शतांश सेकंद वाचले होते.

मला आधी राग आला, लाज मागून आली. त्या ओरडल्या असत्या तर मी कचाकचा भांडले असते. त्या हळूच म्हणाल्या, "वही ठेवलीत तर पास व्हाल. पुढे कोणी एवढं पाहत नाही. परत नेलीत तर पुढच्या सत्रात द्यावी लागेल. उद्या पाचपर्यंत सांगा."

पुढचं सत्र म्हणजे जूनची यादी गेली.

घरी आले तेव्हा आमचे हे कॉफी गाळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाले, "परवाइल्ले, कांही बिघडत नाहीं, सोड की. सगळेच तसं लिहितात. लिहून जालं, मार्क येतील, पुरे. येवढ्याला जून कशाला घालवतेस?"

"आणि मी मुलींना खरं बोला म्हणून ओरडते तें?"

"तें ओरडणं मी घरीं पण ऐकतों. वही देऊन टाक आणि कॉफी पी."

मी कॉफी प्यायले. ते म्हणत होते त्यात खोट काही नव्हती. खोटं लिहिल्याचं दुःख मलाही फारसं होत नव्हतं. मला टोचत होतं ते वेगळंच. एकवीस वर्षं शिकवूनही आमच्या शाळेतल्या त्या दोऱ्याला खरोखर किती सेकंद लागतात, ते मला माहीत नव्हतं. मी कधी पाहिलंच नव्हतं.

रविवारी साडेचारला जाऊन मी वही परत मागितली. बाई "बरं" म्हणाल्या आणि वही दिली. जूनच्या यादीत अर्थातच मी नव्हते. माझ्याबरोबर मागच्या बाकावर बसणारे दोघं होते. वही परत घेतली त्या रविवारी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी अय्यमपेट्टै येईपर्यंत रडले, मग भूक लागली.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नववीच्या मुलींना घेऊन मी प्रयोग लावला. खिडकीच्या गजाला दोरा बांधला. एकीनं मीटरपट्टी धरली, एक झोके मोजत होती, घड्याळ माझ्या हातात. एक मीटर दोरा, वीस झोके, एक्केचाळीस सेकंद. पुन्हा केलं, पुन्हा एक्केचाळीस. गणित केलं तर उत्तर आलं नऊ पॉइंट चार. मला केवढा आनंद झाला! गाठ सैल होती का, मी बटण उशिरा दाबलं का, मीटरपट्टीचं टोक झिजलंय का, किती तरी गोष्टी मला एकदम विचाराव्याशा वाटल्या.

मी वर्गाकडे वळले. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येकीनं कंपासपेटीतून खोडरबर काढून हातात धरला होता.

"टीचर," पहिल्या बाकावरची मुलगी शहाण्यासारखी म्हणाली, "यातला कोणता आकडा खोडायचा?"

"एकही नाही. आलंय तसंच लिहा."

"पण चुकलंय, टीचर. पुस्तकात नऊ पॉइंट आठ आहे."

"असू दे. आपण मोजलंय ना?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात नऊ पॉइंट चार लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. तरी एकीनंही खोडरबर खाली ठेवला नाही.