जिन्यावरचा ड्रेस

माझ्या धाकट्या जावेने अकरा वर्षं फक्त कॉलरी शिवल्या. रखवालदारांचे शर्ट बनवणारा एक कारखाना आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. तिथे एकीने बाह्या शिवायच्या, दुसरीने खिसे, तिसरीने काजं. हिच्या वाट्याला कॉलर आली. पुढे त्या शर्टाचं काय होतं ते तिला कळायचं नाही. रस्त्यात एखादा रखवालदार दिसला की ती आधी त्याचा गळा बघायची, मग चेहरा. एकदा बँकेच्या दारातल्या माणसाला तिने "जरा मान वर करा हो" असं सांगितलं होतं, आणि त्या बिचाऱ्याने केली होती.

घरात तिला सगळे टेप म्हणतात. मापाची टेप गळ्यात नाही असा तिचा दिवस नसतो. मुलांची ती टेपकाकू. सासरे मात्र "अगं धाकटे" अशीच हाक मारतात.

मागच्या वर्षी कारखान्यात कॉलरचं यंत्र आलं. कॉलरवाल्या बायकांना पॅकिंगला घेतो, असं मुकादमाने सांगितलं. टेपने त्याच्याकडे वर्षभराची बिनपगारी रजा मागितली. माणूस कडक, पण वाईट नव्हे. म्हणाला, "वर्षभर जागा ठेवतो. पुढच्या वर्षीच्या पहिल्या सोमवारी एक तर कामावर या, नाहीतर राजीनामा द्या. मधलं काही चालायचं नाही."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा माझे दीर पेपर वाचत होते.

"वर्षभर करणार काय?"

"ड्रेस शिवणार. जुन्या सिनेमातले. महिन्याला एक."

"आणि घालणार कोण?"

"वहिनी घालतील. त्यांचं माप बरं आहे."

वहिनी म्हणजे मी. मी तिथेच भाजी चिरत होते. मला कुणी विचारलं नव्हतं.

"आणि वर्ष संपल्यावर?" दिरांनी विचारलं.

यावर टेपने आपली अट सांगितली. वर्षभरात घराबाहेरच्या एका तरी माणसाने स्वतः येऊन 'हा ड्रेस मला हवा' असं म्हटलं पाहिजे. कौतुक केलेलं धरायचं नाही. हवा म्हटलं पाहिजे. कुणी म्हटलं नाही, तर ती मुकाट्याने पॅकिंगला जाणार. दिरांनी पेपर खाली ठेवला आणि "बरं" म्हणाले. आमच्या घरात पेपर खाली ठेवून म्हटलेलं 'बरं' म्हणजे होकार.

मागची खोली तिला मिळाली. खोलीत एकच खिडकी आहे, म्हणून उजेडासाठी मशीन खिडकीपाशी. मशीनवर बसलं की दाराकडे पाठ होते. दाराबाहेर बैठकीची खोली, आणि तिथे दारासमोरच्या भिंतीवर टीव्ही. सिनेमे बघत काम करायचं तर टीव्ही हलवायला हवा होता, पण तो सासऱ्यांच्या खुर्चीसमोर आहे आणि ती खुर्ची माझ्या लग्नाच्याही आधीपासून तिथेच आहे.

"मी मेल्यावर हलवा," सासरे म्हणाले.

"मग राहू दे," टेप म्हणाली, "तेवढी घाई नाही."

तिने कपाटाचा लांब आरसा काढून खिडकीशेजारी टेकवला. आता मशीनवर बसल्या जागी तिला आरशात अख्खा टीव्ही दिसू लागला. पहिल्याच दुपारी तिने मला हाक मारून दाखवलं. "बघा वहिनी, थिएटर! नावं तेवढी उलटी दिसतात, बाकी सगळं कसं स्वच्छ." पडद्यावर उलट्या अक्षरांत नटनट्यांची नावं सरकत होती. ती वाचायचा प्रयत्न करत आम्ही दोघी हसलो. तेव्हा आम्हाला ती नुसती गंमत वाटली.

मग महिन्यांमागून महिने गेले. दुपारी सासऱ्यांचा डोळा लागला की टेप सिनेमा लावायची, हवा तो प्रसंग आला की थांबवायची आणि आरशात बघून वहीत उतरवून घ्यायची. सिनेमाचं नाव तिच्या कधीच लक्षात राहिलं नाही. ड्रेसला ती प्रसंगाचं नाव द्यायची. टेलिफोनचा. टेनिसचा. खुर्चीत बसून रडणारीचा. पत्र फाडणारीचा. या शेवटच्याला एवढ्या चुण्या होत्या, की त्या घालताना टेप स्वतःच काहीतरी फाडायच्या बेतात आली होती.

पहिला ड्रेस वाईट झाला. कॉलर अशी होती की बघत राहावं, आणि खाली सगळं पोत्यासारखं लोंबत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती कॉलरच्या खाली उतरली होती. दुसऱ्याला खांदे जमले, चौथ्याला कंबर. तिसऱ्याबद्दल ती आजही बोलत नाही. मी दर आठवड्याला दोन तास खोलीच्या मधोमध उभी राहायचे आणि ती तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरायची. टाचण्या तोंडात असताना ती जे बोलते ते फक्त मला कळतं. सासरे दारातून डोकावून एकदा म्हणाले, "थोरलीला सिनेमात घातलंत की काय?"

मला एक गोष्ट तेव्हाच जाणवत होती. ड्रेस घालताना बटणं लावायची वेळ आली की माझे हात अडखळायचे. बटण नेमकं चुकीच्या हाताला यायचं. मला वाटलं, वय झालं. टेपला मी बोलले नाही. वय झालं हे कोण आपणहून सांगतं!

बारावा ड्रेस जिन्यावरचा. ती नटी एका मोठ्या जिन्यावरून सावकाश उतरते. हात कठड्यावर, अंगावर लांब ड्रेस, आणि त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी जाणारी अकरा कापडी बटणं. यासाठी टेपने एका बंद होत असलेल्या दुकानातून जाड साटिन आणलं, एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने मंद. थानाचा शेवटचा तुकडा होता. कापायच्या आधी दोन दिवस ती त्याच्याभोवती नुसती घुटमळत होती. बटणांना काजांऐवजी कापडाचेच बारीक लूप केले. पाच आठवडे गेले. तो घालून मी बैठकीच्या खोलीत आले तेव्हा सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांनी असं पाहुण्यांसाठीसुद्धा कधी केलेलं नाही.

पण वर्ष संपायला तीन आठवडे उरले होते, आणि बाहेरच्या कुणीही 'हवा' म्हटलं नव्हतं. शेजारणींनी छान म्हटलं होतं. छान धरायचं नव्हतं.

शेवटी बटणं विकणाऱ्या दुकानदारानेच एका बाईंना पाठवलं. या बाई एका नाटक मंडळीचा कपडेपट सांभाळतात. मंडळी एक नवा प्रयोग करत होती: मागे मोठ्या पडद्यावर जुन्या सिनेमाचा प्रसंग, आणि पुढे रंगमंचावर तोच प्रसंग, त्याच हालचालींसकट. त्यात जिन्याचाही प्रसंग होता. बाई उंच, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चहा नको म्हटलं, चप्पल दारात काढली आणि थेट बारावा ड्रेस हातात घेतला. आतली शिवण उलटून बघितली. लूप मोजले. टेप दाराला टेकून उभी होती आणि तिने गळ्यातल्या टेपचं टोक मुठीत धरलं होतं.

"काम सुंदर आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्यात वरचं बटण लावायला घेतलं आणि थांबल्या. "पण हा उलटा आहे."

"म्हणजे?"

"बटणं पुरुषी बाजूला आहेत. सिनेमात ती उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला येतात. तुमची डाव्यावरून उजवीकडे जातात." त्यांनी टेनिसचा उचलला, मग टेलिफोनचा. "हेही उलटे. तुम्ही कशावरून केलेत हे?"

टेपने आरशाकडे बघितलं. मीही बघितलं. आरशात बैठकीची खोली होती, सासरे त्यांच्या डाव्या हाताने चष्मा पुसत होते, आणि सासरे डावखुरे नाहीत.

"अकरा वर्षं मी पुरुषांच्याच शर्टांवर काम केलं," टेप शेवटी म्हणाली. "माझ्या हाताला हेच सरळ वाटतं."

बाईंनी समजुतीने मान हलवली. पण त्या म्हणाल्या, मागे पडद्यावर नटी आणि पुढे मंडळीतली मुलगी, दोघी शेजारीशेजारी दिसणार. बटणं एकीची इकडे आणि दुसरीची तिकडे, म्हणजे प्रेक्षक प्रसंग सोडून बटणंच बघत बसणार. "पंधरा दिवसांत दुसरा झाला तर कळवा. नाहीतर मी बाजारातून काहीतरी उभं करीन." त्या चप्पल घालून गेल्या.

दुसरा होणं शक्य नव्हतं. ते कापड आता कुठेच मिळत नव्हतं. टेप खोलीत गेली आणि तिने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी माझ्या अडखळणाऱ्या हातांबद्दल तिला तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "आधी सांगायचं नाही का हो, वहिनी!" एवढंच. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे दोन दिवस तिने मशीनवरचं कव्हर काढलं नाही. दिरांनी मला हळूच विचारलं, पॅकिंगला उभं राहून काम असतं की बसून.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासरे आपला शर्ट घेऊन तिच्या दारात उभे. "अगं धाकटे, कॉलर झिजली बघ. उलटून दे."

मी स्वयंपाकघरातून त्यांना डोळ्यांनी दटावत होते, पण त्यांनी माझ्या डोळ्यांना कधी भीक घातलेली नाही. टेपने शर्ट घेतला. हे काम ती दर वर्षी करते: कॉलर उसवून काढायची, झिजलेली बाजू आत घालायची, आतली कोरी बाजू वर घ्यायची आणि पुन्हा शिवायची. शर्टाला आणखी दोन वर्षं मिळतात. तिने कॉलर उसवली, हातात उलटी केली, आणि तशीच बसून राहिली. कॉलरचं डावं टोक आता उजवीकडे आलं होतं.

"वहिनी!" तिने हाक मारली. "जिन्याचा आणा. आणि उसवायची सुई."

मला समजायला वेळ लागला. तिने ड्रेसची प्रत्येक शिवण उसवली. प्रत्येक तुकडा उलटा केला, चकचकीत बाजू आत, मंद बाजू बाहेर. असं केलं की डावा पुढचा भाग आपोआप उजवा होतो. नवं कापड लागत नाही, फक्त धीर लागतो. जुन्या टाक्यांची भोकं तिने इस्त्रीच्या वाफेने आणि दात घासायच्या मऊ ब्रशने बुजवली. चुणीन् चुणी उलट्या दिशेने घातली. दोन लूप उसवताना तुटले ते शिवणीत दाबलेल्या कापडातून नवे केले. या वेळी तिने सासऱ्यांच्या शेजारी खुर्ची टाकली आणि टीव्हीकडे तोंड करून बसून तो जिना पुन्हा बघितला. सासऱ्यांनी तो प्रसंग तिच्यासोबत इतक्यांदा बघितला, की शेवटी म्हणाले, "ही बया एकदाची खाली का पोचत नाही?"

चौदाव्या दिवशी ड्रेस तयार झाला. मी तो घातला. बटणं माझ्या हातांना सापडत गेली. वय झालं नव्हतं तर.

बाई आल्या, ड्रेसभोवती एक फेरी मारली, वरचं बटण काढलं आणि लावलं.

"चमक कुठे गेली?"

"आत आहे," टेप म्हणाली. "घालणारीच्या अंगाला लागेल."

बाई म्हणाल्या, "दिव्यांखाली चकाकलं असतं तर मलाच मंद करून घ्यावं लागलं असतं. हा मला हवा." त्या पुढे असंही म्हणाल्या, की बाकी कामाचं प्रयोग लागल्यावर बघू, आत्ता काही कबूल करत नाही. टेपने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

दिरांनी मात्र ऐकलं होतं. एका ड्रेसवर नोकरी सोडायची का, असं त्यांनी विचारलं, आणि ते चुकीचं विचारत नव्हते. टेप म्हणाली, अट एका माणसाची होती. त्यावर दिरांनी पेपर खाली ठेवला.

पुढच्या वर्षाची यादी तिने आरशावर चिकटवली आहे. आरसा तिने तिथेच ठेवलाय, फक्त आता तो माप बघण्यापुरता. यादीत उरलेल्या अकरांपैकी जे उलटता येतील ते उलटणं आहे. एक पुरुषाचा कोट आहे. सिनेमातल्या बायका सगळ्या एकाच बांध्याच्या असतात, म्हणून तेच ड्रेस जाड बाईला कसे बसतील ते बघणं आहे. या कामासाठी माझी शेजारीण ठरली आहे आणि तिलाही अजून कुणी विचारलेलं नाही. सगळ्यात खाली लिहिलंय: 'एक ड्रेस कुठल्याच सिनेमातला नाही.' त्याच्यापुढे महिना लिहिलेला नाही.

पहिल्या सोमवारी मी तिच्याबरोबर कारखान्यात गेले. मुकादमाने खरंच जागा ठेवली होती. पॅकिंगच्या टेबलापाशी, पंख्याखाली. तिने राजीनाम्याचा कागद दिला आणि त्यावर आपली दोरे कापायची छोटी कात्री ठेवली, कारखान्याचा नंबर कोरलेली. मुकादमाने नंबर रजिस्टरशी ताडून बघितला.

"मग आता बाहेर काय शिवणार?" त्याने विचारलं. "कॉलरी?"

"नाही," टेप म्हणाली. "अख्खा कपडा."

त्याने मान डोलावली आणि कात्री खणात टाकली. बाहेर पडताना तिने दारातल्या रखवालदाराकडे बघितलं. या वेळी त्याच्या पायांपर्यंत.