खोटी पुस्तकं हुडकणारे मुनीर सर

आज सकाळी मुनीर सर गेले.
मला कळलं तेव्हा माझ्या हातात माईक होता. आणि मी बोलत राहिले.

लातूर. प्राध्यापकांना संशोधनासाठी एआय शिकवायची दोन दिवसांची कार्यशाळा. बॅनर तोच, फक्त गाव आणि तारीख बदलते.

फोन टेबलावर होता. जुन्या कार्यशाळेतल्या संगीताचा मेसेज: "म्याडम, मुनीर सर गेले. अटॅक आला."

मी पुढची स्लाइड लावली.

मुनीर सर उदगीरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. रिटायरमेंट जवळ आली होती.
आमची ओळख झाली ती माझ्या फजितीनं.

नांदेडची पहिली कार्यशाळा. मी भर हॉलमध्ये एआयला मराठवाड्याच्या शेतीवरची पाच पुस्तकं विचारली. लेखक, प्रकाशक, साल, सगळी यादी क्षणात पडद्यावर. टाळ्या पडल्या.

जेवणानंतर मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले.
"म्याडम, यातली तीन पुस्तकं कुठंच न्हाईत. लई हुडकली."
"तुमच्या लायब्ररीत नसतील, सर."
"न्हाई म्याडम. जगातच न्हाईत."

मला राग आला होता. खरंच सांगते. घरी जाऊन शोधलं, तर माणूस बरोबर होता. यंत्रानं ती पुस्तकं मनानंच रचली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्टेजवरून चूक कबूल केली. तेव्हापासून प्रत्येक कार्यशाळेत त्यांचा एक तास ठेवला. विषय एकच. एआयनं दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा.

ते एसटीनं यायचे. वेळेवर.

पण उद्घाटन लांबायचं. हार, शाली, पाहुण्यांची भाषणं. वेळ कमी पडला की पहिली कात्री मुनीर सरांच्या तासाला.
मागच्या वेळी नांदेडला दहा मिनिटं उरली.
माझे दोन तास होते. त्यातला एक मी देऊ शकले असते.
दिला नाही.

"असू द्या म्याडम. दहा मिनिटात बी होतंय."

ती दहा मिनिटं ऐकून नायगावची संगीता रडत त्यांच्याकडे आली. पीएचडीचा प्रबंध आठवड्यात द्यायचा होता. संदर्भांची यादी तिनं एआयकडून करून घेतली होती, तपासली नव्हती.
दोघं व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसले. अकरा संदर्भ खोटे निघाले.

तिचे गाइड म्हणाले, "कोण बघतंय? देऊन टाक."
मी शेजारीच उभी होते. तिला हे सगळं शिकवलं होतं मीच. तरी गप्प राहिले.

मुनीर सर म्हणाले, "बेटा, कुणी न्हाई बघितलं तरी तुला तर माहीत हाय ना? मुदत वाढवून घे. मी हाय तुझ्यासंगं."

पुढचे तीन महिने ते तिच्यासाठी जुने अंक, गॅझेटियर काढत राहिले. फोनवर पान नंबर वाचून दाखवायचे. आधी विचारायचे, "लिहायलीस ना?"
प्रबंध उशिरा गेला. पण त्यातला प्रत्येक संदर्भ खरा होता.

आज दुपारी जेवणाची सुट्टी झाली. दफन असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजनंतर होतं. तेव्हा निघाले असते तर उदगीरला पोचले असते.

समन्वयक म्हणाले, "मॅडम, दुपारचं सेशन तुमचंच आहे. फीडबॅक फॉर्म पण भरून घ्यायचेत."

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सेशन घेतलं. सर्टिफिकेटं वाटली.
ग्रुप फोटोत मी हसतेय.

संध्याकाळी संगीताला फोन लावला. मला मेसेज टाकून ती लगेच नायगावहून निघाली होती.

"मी सरांच्या घरीच बसले होते, भाभींजवळ. लई माणसं आली होती म्याडम. कुणाला परीक्षेची पुस्तकं दिलेली, कुणाला फॉर्म भरून दिलेला."

मग ती म्हणाली,

"मला वाटलं, तुम्ही याल."
"वर्कशॉप होतं गं."
"हाव," एवढंच म्हणाली.

मुनीर सर, मी फार थकलेय. पण न येण्याचं कारण ते नव्हतं. उठून निघायचं धाडसच झालं नाही.

मला माफ करा. शेवटचा सलाम, सर.